बिननाक्याचा युरोप आणि नाना महाजन

जर्मनीचं मार्क हे नाणं बंद झालं, तेव्हा आमच्या बऱ्हाणपुरात एका माणसानं सुतक पाळलं. तीन दिवस दाढी केली नाही, देवाची पूजा केली नाही, आणि चौथ्या दिवशी राजघाटावर जाऊन तापीत डुबकी मारून आला. ओल्या धोतरानं परत येताना मला रस्त्यात भेटला. मी विचारलं, "नाना, कोण गेलं?" तर म्हणाले, "मार्क गेला. फार स्वाभिमानी नाणं होतं."

बरं, नाना काही युरोपच्या एका नाण्याविरुद्ध नव्हते. उलट त्या एका नाण्यासाठी बऱ्हाणपुरात त्यांच्याइतका घसा कुणी कोरडा केला नसेल. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यावर ते थांबले, धोतराचा सोगा पिळला आणि म्हणाले, "मुलगी सासरी जाताना बाप रडतो. मतलब तो लग्नाच्या विरोधात असतो का?"

हे नाना महाजन. धंद्यानं केळीचे आडते. फोपनारकडची केळी घ्यायची, गाडी भरायची, महाराष्ट्रात धाडायची, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा उद्योग. बायको लवकर वारली. एकुलती एक मुलगी कुसुम, तिचं लग्न करून दिलं मुक्ताईनगरला. जुनी माणसं त्या गावाला अजून एदलाबादच म्हणतात. लग्नाचा मांडव माझाच होता. माझा मंडप आणि खुर्च्यांचा धंदा आहे, आणि नानांची व माझी मैत्री त्या मांडवाच्या खांबाला धरूनच उभी राहिली.

आता केळीच्या आडत्याला युरोप कुठून चिकटला, हे सांगायला हवं. ऐन उन्हाळ्यात एकदा नानांची केळीची गाडी इच्छापूरच्या नाक्यावर अडकली. आपलं राज्य तिथं संपतं आणि महाराष्ट्र लागतो. सणाचे दिवस, ट्रकांची ही लांब रांग, एकेका गाडीचे कागद तपासून होईपर्यंत ऊन डोक्यावर. नाना स्वतः गाडीबरोबर होते. ताडपत्रीखाली केळी पिवळी पडत चाललेली त्यांना वासावरून कळत होती. वेळ घालवायला ते समोरच्या ढाब्यावर जाऊन बसले. तिथं रेडिओवर बातम्या चालू होत्या. युरोपात म्हणे आता एका देशाचा ट्रक दुसऱ्या देशात जाताना थांबणारच नाही. नाके राहतील, पण रिकामे. नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "एक सेकंद माझा विश्वास बसला नाही," ते पुढं कित्येकदा सांगायचे, "मग मी ताडपत्री उघडून पाहिली आणि विश्वास बसला. ज्यांची केळी सडली असतील त्यांनाच हे सुचणार."

त्या दिवसापासून हा माणूस युरोपचा झाला.

माझ्या गोदामासमोर मोकळी जागा आहे. तिथं दर गुरुवारी संध्याकाळी 'जाहीर चर्चा' सुरू झाली. कोपऱ्यावरच्या फळ्यावर नाना खडूनं स्वतः लिहायचे: 'युरोपचे सामाईक चलन आणि आपण. सर्वांना प्रवेश. चहा मिळेल.' शेवटचे दोन शब्द पहिल्या दोन शब्दांपेक्षा मोठ्या अक्षरात असत. खुर्च्या माझ्या, माईक माझा, त्यामुळं अध्यक्षही मीच. लग्नसराईत खुर्च्या भाड्यानं जायच्या, म्हणून वैशाखात युरोपचं आर्थिक धोरण सतरंजीवर बसायचं.

श्रोते ठरलेले. फोपनारचे दगडू पाटील, ते केळीचे पैसे न्यायला यायचे आणि चर्चा अंगावर घेऊन जायचे. पॉवरलूमवाले रफीकभाई, त्यांची वीज गेली की ते यायचे, म्हणजे बहुधा यायचेच. बाकी मग चहावर अवलंबून. बर्लिनची भिंत पडल्याच्या वाढदिवसाचं निमित्त करून नानांनी एकदा मावा जिलेबी वाटली होती. त्या गुरुवारी गर्दी आवरायला मला दोन पोरं लावावी लागली, आणि पुढचे कित्येक आठवडे लोक येऊन विचारायचे की आज कुठं काही पडलं का.

नानांची समजावून सांगायची तऱ्हा अशी की पुस्तकवाल्यांनी तोंडात बोट घालावं. युरोप म्हणजे त्यांच्या लेखी एक मोठं खटलं होतं. जर्मनी थोरला भाऊ: कमावतो, बोलत नाही, कोठीच्या किल्ल्या कमरेला. फ्रान्स मधला: कमाई बेताची, पण पंगतीत पहिलं पान ह्याला वाढलं पाहिजे. इटली धाकटा, गातो बरं. "आणि इंग्लंड?" मी मुद्दाम विचारायचो. नानांचा चेहरा खुलायचा. "इंग्लंड जावई आहे. प्रत्येक कार्याला येतो, सतरंजीच्या काठावर बसतो, सगळं खातो, आणि म्हणतो, माझं ताट मात्र वेगळं ठेवा."

"नाना, मले एक सांगा," दगडू पाटील एकदा म्हणाले, "ह्या सगळ्या भावांनी एकत्र राहायचं ठरवलं, ते ठीक आहे. पण यांच्या घरातल्या बायकांना कोणी विचारलं का?"

नाना गडबडले. असा मुद्दा त्यांच्या वाचनात आला नव्हता. "हा विषय ब्रसेल्सला गेला पाहिजे," ते म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. युरोपातल्या देशांची पंचायत ब्रसेल्स नावाच्या गावी भरते, हे कळल्यापासून नानांचा जगातल्या सगळ्या भांडणांवर एकच उतारा होता. गल्लीत नळावर दोन बायका भांडल्या, ब्रसेल्स. शेजाऱ्याच्या शेळीनं तुळस खाल्ली, ब्रसेल्स. रफीकभाई एकदा वैतागून म्हणाले, "नानाजी, मेरे यहाँ तीन घंटे से बिजली नहीं है. इसमें जर्मनी क्या करेगा?" नाना गंभीरपणे म्हणाले, "जर्मनी अकेला कुछ नहीं करेगा. यही तो समझना है."

सगळ्यात गाजली ती केळीची चर्चा. युरोपनं केळ्यांबद्दल नियम केला होता की विकायला येणारं केळं नको तितकं वाकडं नसावं. ही बातमी नानांनी दिल्लीहून शिळ्या येणाऱ्या इंग्रजी पेपरात वाचली आणि तेवढा तुकडा कात्रीनं कापून खिशात ठेवला. आपला धंदा आणि आपलं दैवत एकाच वाक्यात आलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. गुरुवारी त्यांनी टेबलावर केळ्यांची फणी मांडली आणि एकेक केळं उचलून दाखवायला लागले. हे चालेल. हे चालेल. हे चालणार नाही.

"वाकडं नको तर मग काय पाहिजे त्यांना?" दगडू पाटलांनी विचारलं.

"सरळ. म्हणजे बेताचं सरळ."

"मग गाजर खावं म्हणा."

तरी नानांची श्रद्धा ढळली नाही. दैवतानं एखादी गोष्ट विचित्र सांगितली तर भक्तानं तिचा अर्थ शोधायचा असतो. ते आठवडाभर आपल्याच केळ्यांकडे संशयानं पाहत होते, एवढं खरं.

हे सगळं मी मिटक्या मारत पाहायचो. कारण ह्या बिननाक्याच्या माणसाचा एक नाका होता, आणि तो साऱ्या गल्लीला ठाऊक होता.

आमच्याकडे काही घरांतून एक रीत आहे. मुलगी सासरी गेली की तिला मूल होईपर्यंत, निदान दिवस जाईपर्यंत, तिच्या आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही. कडक घरांत पाणीसुद्धा नाही. बहुतेकांची ही रीत वर्ष-दोन वर्षांत आपोआप सुटते. बाळ होतं, आजोबा लाडू खातात, संपलं. कुसुमला मूल झालं नाही. दहा-बारा वर्षं होत आली. डॉक्टर झाले, नवस झाले, आणि नानांची रीत तशीच उभी.

दर रविवारी ते बसनं मुक्ताईनगरला जायचे. वाटेत इच्छापूर आलं की बसमधूनच टेकडीवरच्या इच्छादेवीला हात जोडायचे. लेकीच्या ओट्यावर बसायचे, तिला फ्रान्सच्या शेतकऱ्यांची खबर सांगायचे, आणि दुपार झाली की पिशवीतून आपला डबा काढायचे. स्वतः केलेली बटाट्याची भाजी, कडेला करपलेल्या पोळ्या, घरून आणलेलं पाणी. आत चुलीवर वांगी भाजली जात असायची. खानदेशातल्या भरताचा वास काय असतो, हे ज्यानं घेतला त्यालाच ठाऊक. नाना त्या वासात बसून आपली करपलेली पोळी चावायचे.

मी त्यांना छेडायचो. "नाना, युरोपात ट्रक धडाधड जाऊ राहिले आणि तुमचा एक घास लेकीच्या उंबऱ्यावर अडकला. ह्याचं धोरण काय?"

"ते धोरण नाही, रीत आहे," नाना म्हणायचे. "धोरण बदलतं. रीत बदलत नाही."

मला हे उत्तर फार आवडलं होतं. मी ते चार ठिकाणी सांगून हशा घेतला होता.

मग तो गुरुवार आला. मार्कचं सुतक फिटलं होतं, नवं नाणं लोकांच्या खिशात पोहोचलं होतं आणि नानांनी विजयसभा ठेवली होती. फळ्यावर लिहिलं होतं: 'सीमा संपल्या. पुढे काय?' माझ्या सगळ्या खुर्च्या त्या दिवशी मोकळ्या होत्या आणि बऱ्यापैकी भरल्याही होत्या. त्याच दिवशी कुसुमचा नवरा लीलाधर मोटारीचं काही सामान घ्यायला बऱ्हाणपुरात आला होता आणि कुसुम त्याच्याबरोबर आली होती. ती शेवटच्या रांगेत येऊन बसली. आमच्या चर्चेला बाई कधी आलेली नव्हती, त्यामुळं रफीकभाईंनी घाईनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

नाना त्या दिवशी खरंच रंगले. "आज युरोपात माणूस सकाळी एका देशातून निघतो, दुपारी दुसऱ्या देशात पोहोचतो. कुणी विचारत नाही, पिशवीत काय आहे. इथली भाकरी तिथं, तिथली भाकरी इथं. ज्यांनी एकमेकांची गावं जाळली, ते आज एकमेकांच्या ताटात जेवू राहिले." टाळ्या झाल्या. नानांनी घाम पुसला. "कुणाला काही प्रश्न?"

नेहमी ह्यानंतर दगडू पाटील काहीतरी बोलायचे आणि चहा यायचा. पण मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुसुम उभी होती.

"माझा प्रश्न आहे," ती म्हणाली.

नानांना कौतुक वाटलं. लेक प्रश्न विचारणार म्हणून त्यांनी माईक जरा जवळ ओढला. "विचार की."

"एक देश दर रविवारी दुसऱ्याच्या दारात येतो," कुसुम म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव विचारावा तसा होता. "ओट्यावर बसतो. गप्पा मारतो. आणि जेवायच्या वेळेला आपल्या घरची शिदोरी सोडतो. दुसऱ्यानं रांधलेलं तोंडात घालत नाही. पाणीपण नाही. का, तर तुझ्या घरात अजून पाळणा हलला नाही. सगळी आळी पाहते. दर रविवारी पाहते. तर नाना, असल्या देशाला तुमच्या युरोपात काय म्हणतात?"

माईक घूं घूं करत राहिला. दगडू पाटील जमिनीवरच्या मुंग्या पाहू लागले. मी नानांकडे पाहिलं. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर तासभर बोलणारा तो माणूस माईकची वायर सरळ करत होता. आणि ब्रसेल्सचं नाव त्यांनी घेतलं नाही, हे मी अध्यक्ष म्हणून नोंदवून ठेवतो.

"वेळ संपलेली आहे," शेवटी ते म्हणाले. "आभार शरद मानेल."

मी उठलो आणि आभार मानले. कुणाकुणाचे मानले देव जाणे. रफीकभाई सांगतात की मी बेल्जियमचेही मानले. तोवर मागची खुर्ची रिकामी झाली होती.

त्या रविवारी नाना मुक्ताईनगरला गेले नाहीत, आणि पुढच्या गुरुवारी फळा कोरा. मी खुर्च्या मांडल्या, उचलल्या. नाना दुकानातून घरी, घरून दुकानात. इंग्रजी पेपर दारात गुंडाळी न सोडता पडून असायचा. मला वाटलं, माणूस रुसला. चारचौघांत लेकीनं माईकसमोर उभं केलं, कुठल्या बापाला आवडेल?

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते माझ्या गोदामावर आले. इस्त्रीचा सदरा, दाढी घोटलेली.

"चल," म्हणाले.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? रविवार आहे."

बसमध्ये ते खिडकीशी बसले. त्यांचे हात मोकळे होते, हे मला शहापूर मागे पडल्यावर लक्षात आलं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, "काय नाना, शेवटी रीत बदलली का?"

दोन्हीकडे केळीच्या बागा मागे पळत होत्या.

"शरद, तुला ही रीत म्हणजे काय वाटली रे? सोवळं?" ते म्हणाले. "माझ्या बापानं पाळली माझ्या बहिणीकडे. मी लहान होतो. बाप दारात बसून म्हणायचा, नातू होईल तेव्हाच जेवीन. आणि माझी बहीण हसायची. मतलब बाप वाट पाहू राहिला, ह्याचा तिला आनंद व्हायचा. मला तेवढंच माहीत होतं. रीत म्हणजे वाट पाहणं."

कंडक्टर आला, तिकिटं देऊन गेला.

"पाचसहा वर्षांपूर्वीच माझ्या मनात आलं होतं, जेवावं. ते भरीत तू कधी हुंगलंस का? पण मग वाटलं, आज मी जेवलो तर पोरीला काय कळेल? की बापानंही आशा सोडली. डॉक्टरनं सोडली, सासूनं सोडली, आता बापानं. म्हणून डबा नेत राहिलो. दर रविवारी तिला सांगत होतो की मी अजून वाट पाहतोय."

"आणि तिला काय ऐकू येत होतं?" मी हळूच विचारलं.

"ते त्या गुरुवारी कळलं," नाना म्हणाले. "तुझ्या माईकवर."

रीत आणि धोरणाचा तो विनोद मी त्यानंतर कुठं सांगितलेला नाही.

कुसुम ओट्यावर तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून उठली, खांद्यावरचा पदर सारखा केला. त्या गुरुवारचं ओझं तिच्या तोंडावर दिसत होतं. नाना ओट्यावर बसले. तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं.

"डबा बसमध्ये राहिला का?"

"नाही," नाना म्हणाले. "आणला नाही."

तिनं निवडलेले तांदूळ गोळा केले. मग आत गेली. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज नाही, बांगडीचा नाही. लीलाधर बिचारा माझ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी काढायला लागला आणि त्याही त्याला पुऱ्या करता येईनात. शेवटी तो आत डोकावून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आज तिनं काही खास केलंच नाही. सकाळची भाकरी आहे अन् मिरचीचा ठेचा. म्हणते, बापाला हे कसं वाढू?"

"म्हणावं, वाढ," नाना म्हणाले.

तिनं वाढलं. ज्वारीची भाकरी, ठेचा, वर तेलाची धार, आणि तांब्याभर पाणी. नाना आधी पाणी प्यायले. मग भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. ठेचा जहाल होता. डोळ्यांना पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही, त्यामुळं ते नेमकं कशाचं होतं हे मी सांगू शकत नाही.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या वत्सलाबाई अंगणात आली. वय झालेली, तोंडाळ, पण मनानं बरी बाई. कित्येक रविवार तिनं हा ओटा पाहिला होता. नानांच्या पुढ्यात लेकीच्या घरचं ताट दिसलं आणि तिचा चेहरा उजळला. तिच्या हिशोबानं त्याचा एकच अर्थ होता.

"अगं बाई, नाना जेवू राहिले?" ती तिथूनच म्हणाली. "कुसुम, कितवा महिना लागला ग? आम्हाले सांगितलं नाही."

कुसुमच्या हातातला तांब्या थांबला. लीलाधरनं मान खाली घातली. त्या बाईच्या तोंडावर इतका निखळ आनंद होता की तिला गप्प करणंही कुणाच्यानं झालं नसतं. नानांनी घास गिळला आणि अंगणाकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता भाषण होणार. युरोपही येणार, जर्मनीही येणार.

"बातमी काही नाही, वत्सलाबाई," नाना म्हणाले. "भूक लागली होती."

बाई उभीच राहिली, तिला काही कळेना. नाना पुन्हा ताटाकडे वळले. कुसुम आत गेली, अर्धी भाकरी घेऊन आली आणि त्यांना न विचारता त्यांच्या ताटात टाकली.